पूर्वेच्या वाफ्याचा एक आणा

मी, श्रीमती प्रमोदिनी लक्ष्मण लासूरकर, वय अडुसष्ट वर्षे, राहणार सिडको, छत्रपती संभाजीनगर (माझ्या सर्व जुन्या कागदांवर औरंगाबाद आहे, दोन्ही नावांखाली राहणारी बाई एकच), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहायला घेत आहे. कोणी भरीला घातले म्हणून लिहीत नाही. माझ्यावर दबाव टाकण्याची ज्यांना इच्छा आहे, त्यांची हिंमत नाही.

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉ. पुंजाराम वाघ यांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनवर पोहोचले तेव्हा ते म्हणाले, "बस करा बाई, माझाच हिशोब चुकायला लागला." गुडघे सोडले तर माझे सगळे ठीक चालते. स्मरणशक्ती तर इतकी ठीक आहे की घरच्यांना तिचा त्रास होतो. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. सिडकोतला अठ्ठावीस फूट बाय अठ्ठेचाळीस फुटांचा भूखंड आणि त्यावरचे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे यजमान कै. लक्ष्मण पाटबंधारे खात्यात कारकून होते. १९८४ साली हा भूखंड मिळाला तेव्हा त्यांनी अर्जात माझे नाव घातले. मी कारण विचारले तर म्हणाले, "माझ्या टेबलावर इतकी धरणं आहेत, एक घर तुझ्या नावावर असू दे." त्यातल्या निम्म्या धरणांत पाणी नव्हते, हे नंतर कळले.

घराच्या पूर्वेला, कुंपणाच्या भिंतीलगत, बारा फूट बाय सात फुटांची पट्टी आहे. आज तिच्यावर सिमेंटच्या लाल-करड्या फरशा आहेत. या कागदातले भांडण त्या पट्टीचे आहे.

कलम २. त्या पट्टीत पस्तीस वर्षे तेरडा होता. गुलाबी, दुहेरी पाकळ्यांचा, आणि प्रत्येक पाकळीवर दुधाचा शिंतोडा पडावा तसा पांढरा ठिपका. असा तेरडा मी या शहरातल्या कोणत्याही रोपवाटिकेत पाहिलेला नाही. तिथे विचारले की ते थायलंडची काहीतरी झुडपे दाखवतात.

त्याचे बी मला सिस्टर बर्नाडीन यांनी दिले. मी छावणीतल्या कॉन्व्हेंट शाळेत शिकले. सिस्टर केरळच्या. त्यांना मराठी येत नव्हते आणि सहावीपर्यंत माझे इंग्रजी 'मे आय गो टू द टॅप'च्या पलीकडे गेले नव्हते. पण शाळेमागच्या वाफ्यावर आमचे बरे जमले. त्या बाल्सम म्हणत, माझी आई तेरडा म्हणे. मी दोघींसमोर दोन नावे घ्यायला शिकले. सिस्टरांनी माझे बोट धरून पिकल्या शेंगेला लावले, ती फट्कन फुटली, बिया माझ्या पिनाफोरवर उडाल्या आणि मी किंचाळले. त्या हसल्या. ननसुद्धा पोट धरून हसते, हे मला तेव्हा समजले.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात मी मॅट्रिक झाले. शाळेची विहीर आटली होती. सिस्टर तोंड धुतलेले पाणी तांब्यात धरून वाफ्यावर आणत. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला बियांचे पाकीट दिले आणि एक ताकीद दिली: सगळे बी एका वर्षी कधीही पेरायचे नाही, निम्मे मागे ठेवायचे. आयुष्यात मला मिळालेला हा एकमेव सल्ला आहे, ज्याचा उपयोग झाला.

कलम ३. माझे यजमान झाडांतले नव्हते. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी माझी रोपे तण समजून उपटली होती. हे मी त्यांना कैक वर्षे ऐकवले. पण २०१२-१३च्या दुष्काळात, नळाला आठवड्याने पाणी येऊ लागले तेव्हा, त्यांनी आपण होऊन अंघोळीला मोठे घमेले घेतले. त्यात उभे राहून ते अंघोळ करत, म्हणजे पाणी मोरीत न जाता घमेल्यात साठे. साबणाच्या पाण्याने रोपे पिवळी पडतात, असे मी एकदाच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी साबण सोडला आणि हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाने अंघोळ सुरू केली. आठ महिने. कचेरीत लोक म्हणत, "लासूरकर, अंगाला भज्यांचा वास येतोय." ते म्हणत, "येणार. घरी तेरडा आहे." कोणाला काही कळत नसे.

बी गोळा करण्याचे कामही मग त्यांनी घेतले. शेंग पोपटीवरून पिवळसर होऊ लागली की जुन्या हातरुमालाची पुरचुंडी तिच्यावर सैल बांधायची, म्हणजे ती फुटली तरी बी रुमालात राहते. दोन-चार शेंगा मात्र ते मुद्दाम मोकळ्या ठेवत आणि मी पाठमोरी असताना माझ्या कानाशी आणून फोडत. ते ऑक्टोबर २०१३ मध्ये गेले. भेटायला आलेल्या लोकांच्या चपलांखाली अंगणात शेंगा फुटत होत्या.

तेव्हापासून या घराचा एक नियम आहे: पाण्याचा थेंब गटारात जाता कामा नये. तांदळाचे, भाज्यांचे, अंघोळीचे, सगळे वाफ्यात. हा नियम मी घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला इतक्या वेळा सांगितला आहे की तो सगळ्यांना पाठ आहे. पुढे वाचताना तो ध्यानात ठेवावा.

कलम ४. माझे शेजारी आप्पासाहेब धोंडिबा शेजूळ यांच्याशी २०१६ पासून माझे बोलणे नाही. त्या उन्हाळ्यात मी बादली घेऊन वाफ्याकडे निघाले होते आणि हे गृहस्थ पाइप लावून आपली पांढरी गाडी धूत होते. पाणी रस्त्याच्या वळणापर्यंत गेले होते. मी म्हणाले, "आप्पासाहेब, लोक हंड्यामागे भांडतायत." ते म्हणाले, "वैनी, टँकर माझा, गाडी माझी. तुमच्या गवताला घालू व्हय?"

गवत.

त्याच दुपारी त्यांचा पाइप तीन ठिकाणी कापला गेला. त्यांनी उंदरांना दोष दिला आणि पिंजरा आणला. तो पाइप मी विळीने कापला होता, हे येथे नोंदवते. त्यांना माझ्या मालमत्तेतून काहीही मिळणार नाही. म्हणूनच साक्षीदार म्हणून तेच योग्य.

कलम ५. आता माझा मुलगा, चि. शंतनू. वय एक्केचाळीस, शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर, राहणार बीड बायपासचा फ्लॅट.

मे २०१९ मध्ये मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला गेले. ते वर्षही कोरडेच होते. जाण्यापूर्वी मी निम्मे बी पेरले होते, रोपे चार पानांवर आली होती. पाणी घालायला आमच्या घरी काम करणाऱ्या सुरेखाला सांगून गेले. पंचवीस दिवसांनी रिक्षातून उतरले तर पूर्वेच्या पट्टीवर फरशा. शंतनू म्हणाला, "आई, उन्हानं सगळं गेलं. आता तुला वाकता येणार नाही, म्हणून बसवून घेतल्या." माझी सून सौ. स्वराली म्हणाली, "किती स्वच्छ दिसतंय ना, आई?" स्वच्छ हा शब्द मी त्या दिवसापासून वापरलेला नाही.

दिवाळीत भिंतीलगतची एक फरशी हलू लागली. मी ती उचलली. खाली मातीवर पांढरा, कुरकुरीत थर होता. बोट लावून जिभेवर ठेवले. मीठ.

मी पुण्याला असताना शंतनूने बोअरच्या जड पाण्यासाठी सॉफ्टनर बसवला होता. त्या यंत्रात पोत्याने मीठ घालतात आणि दर तीन-चार दिवसांनी ते आतले खारे पाणी एका बारीक पाइपने बाहेर टाकते. तो पाइप आज मोरीत जातो. पण भिंतीवर वाफ्याच्या दिशेने सुतळीने बांधल्याची खूण होती. मी विचारले, "शंतनू, हे मीठ कुठून आलं?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बोअरचं पाणीच खारं आहे, आई."

मी भोळी नाही. आपण घातलेल्या यंत्राने आईचा वाफा मारला, हे त्याला कळले आणि त्याने मढ्यावर चादर ओढावी तशा फरशा ओढल्या. चूक मी विसरले असते. त्याचे वडीलसुद्धा रोपे उपटणारे होते. पण ते खुरपे हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले होते आणि म्हणाले होते, मी उपटली. मुलगा उन्हाचे नाव सांगतो. तेव्हापासून माझे त्याच्याशी बोलणे कामापुरते आहे: गॅस आला, बिल भरले, डॉक्टरांनी बोलावले आहे.

उरलेले निम्मे बी फोटोच्या रोलच्या डबीत, फ्रिजच्या दारात आहे. मी ते कुंडीत पेरू शकले असते. पेरले नाही. वाफा परत मिळेल तेव्हाच, असा हट्ट धरून बसले. तो हट्ट माझा, त्याचा दोष कोणाला देत नाही.

कलम ६. या फेब्रुवारीत शंतनू एक गुंडाळी माझ्या सोफ्यावर विसरला. तो आमच्या घराचा नकाशा होता. म्हणजे घर नव्हते त्यात. खाली वाहनतळ, वर तीन मजले, कोण्या बांधकाम व्यावसायिकाचा शिक्का. माझ्या पूर्वेच्या पट्टीवर लिहिले होते: दुचाकी, सहा.

म्हणून मी पुढीलप्रमाणे व्यवस्था करते. ती पट्टी वेगळी काढून कोणाला द्यावी, असे माझ्या मनात होते. माझ्या वकीलबाई म्हणाल्या, भूखंडाचा तुकडा पडत नाही, हिस्सा मात्र देता येतो. मी गणित केले. पट्टी चौऱ्याऐंशी चौरस फूट, भूखंड तेराशे चव्वेचाळीस. बरोबर सोळावा भाग. आमच्या सासरच्या कारकुनांच्या भाषेत, रुपयात एक आणा. तेव्हा घराचे पंधरा आणे शंतनूला आणि एक आणा श्रीमती सुरेखा पुंडलिक कावडे हिला. तिच्या सहीवाचून कोणाला तिथे एक वीट रचता येणार नाही. हाच हेतू आहे. तो लपवण्याची मला गरज वाटत नाही.

सुरेखा माझ्याकडे एकोणीस वर्षे आहे. चिकलठाण्याकडे तिच्या सासऱ्यांचे शेत होते, आता तिथे चार इमारती आहेत आणि त्यांच्या गच्चीवरच्या टाक्या तिला आपल्या खोलीतून दिसतात. पहिल्या दिवशी ती तेरड्याकडे बघून म्हणाली होती, "हे खायला व्हतंय का? मग कशापायी एवढं लाडकोड?" दुसऱ्या पावसाळ्यात पाकळ्या वाटून नखांना लावताना मी तिला पकडले. सुरेखा यंत्राबिंत्राला हात लावत नाही, मिक्सरलासुद्धा भिते. त्यामुळे २०१९च्या प्रकरणात तिच्याकडे बोट दाखवण्याचा प्रयत्न शंतनूने करू नये.

कलम ७. इतर वस्तू. बँकेतली ठेव शंतनूला. मी मेल्यावर तिच्यातून तेराव्याला जेवणावळ घालू नये, लोक अंगणात उष्टे पाणी ओततात.

भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचे दोन्ही पितळी मुखवटे स्वरालीला. ती गेली चार वर्षे त्यांच्यामागे प्लॅस्टिकच्या फुलांची भिंत उभारते आणि फोटो काढते. दुसऱ्या दिवशीच्या पूजेला तेरड्याची फुले असावीत, एवढी अट. नसली तर मुखवटे मोडीत द्यावेत, त्या दोघींनाही बरे वाटेल.

खुरपे, झारी, हातरुमालाच्या सतरा पुरचुंड्या आणि माझी इंग्रजी वही (पेरणीच्या तारखा १९८५ ते २०१९) यांचे नंतर ठरवीन.

*येथपर्यंत २० मे २०२४ रोजी लिहिले.*

कलम ८. हे कलम सात दिवसांनी लिहीत आहे. मध्ये जे घडले ते लिहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

हिस्सा द्यायचा तर घेणाऱ्याला ठाऊक असावे, म्हणून मी सुरेखाला सहावे कलम वाचून दाखवले. ती ओटा पुसत होती. पुसतच राहिली.

"मला नगं वैनी तुमचा आणा."

"अगं, फुकट देतेय. तुझ्या सहीशिवाय त्यांचं काही चालणार नाही."

"तेच नगं. दादा मला कोर्टात वढतील."

"ओढू दे. मी वकील देऊन ठेवते."

"नगं म्हनलं ना!" तिने फडके सिंकमध्ये आपटले. मग ओट्याकडे बघत म्हणाली, "तो पाइप म्या टाकला व्हता वाफ्यात. दादानं नाय."

मी काही विचारण्याआधी तीच बोलत सुटली.

"दादानं मोरीतच सोडला व्हता. म्या बघितलं, दोन-तीन बादल्या पानी धो धो गटारात चाललंय. भायेर बाया हंडे घेऊन टँकरमागं पळायल्यात, अन् हितं गटारात. तुमचं बोलनं कानात व्हतंच, थेंब जाऊ देऊ नको, थेंब जाऊ देऊ नको. म्या पाइप वढला, सुतळीनं बांधला, वाफ्यात सोडला. मला काय ठाव त्यात मीठ हाय? पानी ते पानीच दिसतं की वैनी. रोपं करपायली तसं वाटलं, तहानलीत. म्हनून मंग अजून सोडलं. रोज त्या यंत्राचं बटन दाबायचे म्या, लई भेत भेत. यंत्र बसवायला आलेल्या मिस्तरीनं दाखवलं व्हतं."

"शंतनूला कधी कळलं?"

"तुम्ही यायच्या चार दिस आधी. ते खाली बसले, माती चाखली. मला म्हनले, सुरेखाबाई, हे आईला कळता कामा नये. ती तुम्हाला दारात उभं करायची नाही. एकटी बाई, कुठं जाल? मी बघतो काय ते. दुसऱ्या दिशी फरश्या आनल्या." मग तिने पदराने नाक पुसले आणि भांडायच्या सुरात म्हणाली, "अन् तुम्ही काढलंच असतं मला. खोटं बोला आता!"

मृत्युपत्रात खोटे लिहिता येत नाही. होय, काढले असते. त्याच दिवशी, रिक्षाचे भाडे देण्याआधी.

मी शंतनूला फोन लावला. पाच वर्षांत कामाशिवाय केलेला हा पहिला फोन.

"वाफ्यात पाइप कोणी सोडला होता?"

तो म्हणाला, "सुरेखाबाई बोलल्या वाटतं."

"पाच वर्षं तू माझ्याशी खोटं बोललास."

"आई, तू पाच वर्षं माझ्याशी बोललीसच कुठे? खोटं बोलायलासुद्धा समोरच्यानं बोलावं लागतं."

"आणि तो नकाशा?"

"त्या माणसानं आपणहून काढून आणला होता. मी सही केलेली नाही. तुला विचारायचं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"कसं विचारू? 'गॅस आला' आणि 'बिल भरलं'च्या मध्ये?"

मी फोन ठेवला. त्याची ही वाक्ये त्याच्या बाजूचा पुरावा म्हणून जशीच्या तशी लिहिली आहेत. माझ्या बाजूचा पुरावा पाचव्या कलमात आहे. वाचणाऱ्याने दोन्ही वाचावेत.

कलम ९. वकीलबाई म्हणाल्या, खाडाखोड केलेल्या मृत्युपत्रावर कोर्टात शंका घेतात. नवीन कागद घ्या किंवा पुढे कलम वाढवा. दोन कलमे एकमेकांना छेदत असतील तर शेवटचे ग्राह्य धरतात. मी नवीन कागद घेणार नाही. पाचवे कलम आहे तसे राहील. मी त्याच्याबद्दल काय समजत होते, ते मी गेल्यावर शंतनूने वाचावे. आणि मी तसे समजत असताना तो दर रविवारी भाजी घेऊन येत होता, हे इतरांनी वाचावे.

हिश्श्यांत बदल नाही. पंधरा आणे शंतनूला, एक आणा सुरेखाला. कारण मात्र बदलले आहे. सहाव्या कलमात मी तो आणा शंतनूच्या वाटेत दगड म्हणून ठेवला होता. आता तो सुरेखाला यासाठी देते, की ज्या हाताने वाफा मेला त्याच हाताला तो उभा करायला लागावा. तिने नको म्हटले तरी देते, मी तिचे कधी ऐकलेले नाही. आणि शंतनूने तक्रार करू नये. तिची भाकरी सुटू नये म्हणून त्याने आपल्या आईची पाच वर्षे देऊन टाकली. त्यापुढे एक आणा काहीच नाही.

याचा अर्थ मी त्याला मोकळे सोडले असा नव्हे. मी कठोर आहे, हे त्याने आधीच गृहीत धरले. ते खरे निघाले, म्हणून राग अधिक आहे. माझ्यापासून एखाद्याला वाचवावे लागते, असे पोटच्या मुलाला वाटले. हे कोणत्या खात्यात जमा धरायचे, मला कळत नाही. मृत्युपत्र स्थावर आणि जंगम यांच्यासाठी असते. हे दोन्हींत बसत नाही.

खुरपे सुरेखाला. झारी शंतनूला. पुरचुंड्या आणि वही दोघांत, आणि त्यावरून भांडावे, म्हणजे बोलणे तरी राहील.

कलम १०. बी. डबीतले बी २०१८च्या हंगामाचे आहे. गेल्या महिन्यात त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवून पाहिले. तीन उगवले. पुढच्या वर्षी एखादा उगवेल, त्यानंतर नुसती धूळ. मी आठवडाभर हे कोणाच्या नावे करावे याचा विचार करत होते आणि काल ध्यानात आले की मृत्युपत्र मी मेल्यावर लागू होते. वाघ डॉक्टरांच्या मते माझे हृदय अजून बरीच वर्षे चालेल. बी माझ्या मरणासाठी थांबू शकत नाही.

सबब हे एक कलम माझ्या हयातीतच अमलात यावे, अशी माझी इच्छा आणि हुकूम आहे. पट्टीवरच्या सगळ्या फरशा शंतनूने स्वतः उचलाव्यात, मजूर लावू नये. खारवलेली माती दीड फूट खोल काढावी. ती कोणाच्या झाडांना देऊ नये. नवी माती भरताना नुसती काळी घालू नये, तिला भेगा पडतात. दोन भाग तांबडी, एक भाग कुजलेले शेणखत आणि ओंजळभर वाळू. बी वरच्यावर पेरावे, नखभर मातीने झाकावे. रोपांत वीतभर अंतर ठेवावे. सहा पानांवर शेंडा खुडावा, जिवावर आले तरी खुडावा, त्याशिवाय झाड फुटत नाही. पाणी मुळाशी, पानांवर नाही. सॉफ्टनरचे पाणी या वाफ्याला कोणीही, कितीही प्रेमाने, घालू नये. सिस्टरांची ताकीद या वर्षीपुरती मोडते: सगळे बी पेरावे. मागे ठेवण्यासारखे आता काही राहिलेले नाही. या वर्षीच्या शेंगांतले निम्मे मात्र ठेवावे.

*येथपर्यंत २७ मे २०२४ रोजी लिहिले.*

कलम ११. आज रविवार. कलम १० अमलात आले. तेवढ्या एका कलमाची नक्कल मी शंतनूला आधीच पाठवली होती.

शंतनू सकाळी सातला पहार घेऊन आला. दारातच म्हणाला, "आई, नुसता फोन केला असतास तरी आलो असतो. मृत्युपत्र कशाला?"

"लेखी असलेलं बरं. तुला खोटं बोलायची सवय आहे."

"आणि तुला विळी चालवायची," तो हळूच म्हणाला आणि शेजारच्या भिंतीकडे पाहिले. म्हणजे पाइपचे त्याला ठाऊक होते. तेही त्याने कोणाला सांगितले नव्हते.

फरशा एकशे बारा निघाल्या. सुरेखा घमेल्याने माती वाहत होती आणि त्याला दटावत होती: "दादा, असं वाकू नका, कंबर धरल, मंग माझ्याच गळ्यात." आप्पासाहेब भिंतीवरून पाहत होते. आठ वर्षांनी त्यांनी मला हाक मारली. "वैनी, पोराला म्हनाव पहार तिरपी धर. अन् हे काय, गवत लावायलात व्हय पुन्हा?"

"होय," मी म्हणाले. "आणि तुम्ही इकडे या, सही करायची आहे."

ते आले. डॉ. वाघही आले होते. कागद पुढे केल्यावर आप्पासाहेबांनी चष्मा काढला. "वाचू का आधी?"

"गरज नाही. साक्षीदारानं माझी सही पाहायची असते, मजकूर नाही."

"माझं नाव हाय का आत?"

"आहे."

"चांगलं का वाईट?"

"मेल्यावर कळेल."

ते हसले आणि त्यांनी सही केली. बी शंतनू आणि सुरेखाने पेरले, मी खुर्चीवर बसून ओरडत होते. पहिले पाणी माझ्या अंघोळीचे. आज मी साबण लावला नाही.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर, पाच पानांवर लिहिले आहे. प्रत्येक पानावर माझी सही आहे. तेरडा उगवला नाही तरी कलम ९ मधले हिस्से कायम राहतील.

स्थळ: पूर्वेचे अंगण, सिडको, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ जून २०२४

प्रमोदिनी लक्ष्मण लासूरकर
(लिहून ठेवणार)

श्रीमती लासूरकर यांनी आमच्यासमक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

साक्षीदार १: आप्पासाहेब धोंडिबा शेजूळ, शेजारी
साक्षीदार २: डॉ. पुंजाराम सांडू वाघ

टीप: चौथ्या पानाच्या समासात मातीचा ठसा आहे. तो शंतनूच्या अंगठ्याचा आहे. पेरणीची खोली पाहायला त्याने पान उलटले आणि मी त्याला उलटू दिले. ती खाडाखोड समजू नये.